उकळत्या नळीतलं विकर

निपाणी अजून दोन-तीन मैल असेल, तोच एसटीच्या खिडकीतून उकळत्या उसाच्या रसाचा वास आत आला. दाट, गोड, किंचित करपलेला. एरवी या वासानं मी खुळावतो. परवा मात्र मी खिडकी लावून घेतली. वास ज्या गुऱ्हाळाचा होता तिथंच मला उतरायचं होतं. ते गुऱ्हाळ आता माझी एक जुनी विद्यार्थिनी चालवते. तिच्यावर मी केवढा अन्याय केला, हे कळून मला जेमतेम आठवडा झाला होता.

बेळगावच्या कॉलेजात मी जन्मभर जीवरसायन शिकवलं. विकरं म्हणजे पेशीतले कारागीर; पिष्टाची लांब साखळी तोडून तिची साखर करणारे. ‘उकळलं की मेलं’ हे माझं पालुपद. एका वर्षी संशोधनातल्या मित्रानं पिष्ट तोडणाऱ्या विकराची कुपी पाठवली, सोबत चिठ्ठी. चिठ्ठ्या वाचायचा मला पहिल्यापासून कंटाळा. मी कुपी या मुलीच्या हाती दिली आणि मोकळा झालो.

तिनं तीन नळ्या लावल्या. पिष्ट आणि विकर घातलेली एक नळी साधीच ठेवली, तशीच दुसरी उकळत्या पाण्यात धरली. तिसरीही उकळली, पण तिच्यात नुसतं पिष्ट होतं. थंड झाल्यावर आयोडीन टाकलं. पिष्ट शिल्लक असलं की नळी निळी होते. पहिली निळी, तिसरीही निळी. मधली पिवळसरच राहिली. म्हणजे साखर झाली होती ती नेमकी उकळलेल्या नळीत!

“नळ्या बदलल्यास तू,” मी सगळ्या वर्गासमोर ओरडलो.

“न्हाय सर, मी न्हाय बदलल्या. दोन डाव करून बघितलंय.”

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी जर्नलं तपासायची होती. आमच्याकडे प्रयोग काहीही बोलो, जर्नलात पुस्तकातलंच उत्तर उतरतं. मीही तसंच शिकलो होतो. तिला निष्कर्ष खोडायला लावला, ‘बरोबर’ तो लिहून घेतला आणि खाली ऐटीत सही ठोकली. एम.एस्सी. करायचं म्हणणाऱ्या त्या मुलीनं पुढं अर्जच भरला नाही. का, ते मी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात टिळकवाडीच्या घरी रद्दी काढताना ती चिठ्ठी हाती लागली. ‘हे उष्ण झऱ्यातल्या आर्कियाचं विकर. उकळत्या पाण्यातच चालवावं, गार असताना काम करत नाही.’ रद्दी तशीच टाकून मी ती पुन्हा पुन्हा वाचली.

मग जे मिळेल ते वाचत सुटलो आणि थक्क होत गेलो. आर्किया दिसायला जिवाणूंसारखे, पण घराणंच वेगळं. त्यांच्यातले काही खदखदत्या पाण्यात सुखानं नांदतात. विकर म्हणजे घडी घातलेला प्रथिनाचा धागा. साखरेची साखळी त्याच्या खोबणीत बसते आणि तिथं तुटते. आपल्या विकरांची घडी उकळताना उसवते. यांची जागोजागी पक्के टाके घातल्यासारखी घट्ट, इतकी की गारठ्यात हलतच नाही; उकळी आली की कुठं तिला हवी तेवढी लवचिकता येते. काही आर्कियांकडे तर ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साखरा एकच विकर हाताळतं. इतकी वर्षं मी मुलांना ठासून सांगत होतो ते सगळं अर्धंच होतं, आणि त्या अर्ध्याच्या जोरावर मी एका खऱ्या माणसाला खोटं ठरवलं होतं.

गुऱ्हाळात ती रस आटवायच्या काहिलीपाशी उभी होती. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून, बोटांनी गोळी करून बघत होती. मला पाहून लगबगीनं हात पुसले, खुर्ची मागवली. मी बसलो नाही. चिठ्ठी पुढं केली आणि म्हणालो, “तुझं बरोबर होतं. चुकलो मी.”

तिनं चिठ्ठी सावकाश वाचली आणि परत दिली.

“मला म्हाइत हुतं, सर.”

“माहीत होतं? मग ते खोटं लिहिलंस का?”

“तुमी सांगितलंसा म्हणून.”

तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. राग असता तर मी तो मान खाली घालून सोसला असता. मागं गडी हाक मारत होते. पाक उतरवायची वेळ झाली होती. “च्या घिऊन जावा,” म्हणत ती वळली, आणि काहील उतरवून होईपर्यंत पुन्हा माझ्याकडे बघायला तिला फुरसत झाली नाही. मी चहा घेतला. कॉलेजात जाऊन ते जर्नल काढावं, माझी सही खोडावी, असं मनात आलं. पण जुनी जर्नलं दर काही वर्षांनी रद्दीत जातात. तिनं केलेला खरा प्रयोग आता फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.