महाराष्ट्राच्या रकान्यातली मुंबई

आमच्या साप्ताहिकाबद्दल कोणी लिहीत नाही. मराठी वर्तमानपत्रांच्या इतिहासात अग्रलेखांना पानंच्या पानं मिळतात. हळदीचे, कापडाचे, गुळाचे भाव छापणाऱ्या पत्राला ओळभरही जागा नसते. नसू दे. मुंबईसाठी आपण काय काय केलं हे आज जो तो छाती पुढे काढून सांगतो, तर आम्ही काय केलं तेही मी सांगणार. मला कोणी विचारलेलं नाही, म्हणूनच सांगणार.

गिरगावात एका चाळीच्या तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत संपादक, मागच्या खोलीत छपाईचं यंत्र आणि खिळे जुळवणारा एक जुळारी. मी लालबागहून यायची, मुद्रितं तपासायची आणि उरलेल्या वेळात बाजार फिरून भाव आणायची. बाई भाव विचारतेय म्हटल्यावर दुकानदार विचारायचा, "किती शेर बांधू?" मी म्हणायची, "बांधू नका, मणाचा भाव सांगा." मग त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

संपादकांनी उमेदीची वर्षं एका कापडाच्या पेढीवर कारकुनी केली होती. 'मराठी माणसाला धंद्यातलं काय कळतं' हे तिथे इतक्यांदा ऐकलं की शेवटी नोकरी सोडून त्यांनी धंद्याचंच पत्र काढलं, आणि तेही मराठीत. राजकारणावर एक अक्षर छापायचं नाही हा त्यांचा नियम. "भाव खरा छापला की आपलं काम संपलं," असं ते म्हणत. माझे वडील गिरणीत होते. शनिवारी अंक उलटापालटा करून ते मला विचारायचे, "गो, ह्यात मोर्चाचा कायच नाय. ह्या कोणाक व्हया?" मी चिडून अंक त्यांच्या हातातून काढून घ्यायची.

अंकाच्या मधल्या पानावर भावांचा मोठा तक्ता असायचा. त्यात प्रांतवार रकाने: महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, माळवा. मुंबई मात्र कुठल्याच रकान्यात नव्हती. सगळे भाव मुंबईवरून ठरायचे, म्हणून तक्त्याच्या डोक्यावर तिची एकटीची जाड चौकट. ती पहिल्या अंकापासून तशीच बांधून ठेवलेली होती, दर आठवड्याला आतले आकडे तेवढे बदलायचे. जुळारी मला बजावायचा, "चौकटीला हात नाय लावायचा, बाई. ती मांडलेली पूजा आहे."

मग तो आठवडा आला. मुंबई महाराष्ट्रात नाही, ती वेगळी राहणार, दिल्लीच्या हाताखाली, असं रेडिओवर जाहीर झालं. गिरणगाव पेटलं. परळपासून लालबागपर्यंत दगड, लाठ्या, अश्रुधूर. आमच्या शेजारच्या चाळीतला एक जण गोळी लागून गेला. तो मोर्चातसुद्धा नव्हता, पाळी संपवून घरी येत होता. त्याच्या बायकोचा आक्रोश कानात घेऊन मी घोडपदेवच्या आतल्या गल्ल्यांतून वळसा घालत गिरगावात पोचले आणि मधल्या पानाचं मुद्रित पुढ्यात घेतलं.

वर चौकटीत मुंबई. एकटी. तिच्या खाली, रेघेपलीकडे, महाराष्ट्र.

ते पान मी किती वेळा तपासलं होतं देव जाणे. त्या दिवशी मात्र डोक्यात तिडीक गेली. मी मुद्रित संपादकांच्या टेबलावर आपटलं. "साहेब, त्यांनी रेडिओवर आत्ता सांगितलं. आपण तर ते कित्येक वर्षं छापतोय."

संपादक चष्मा काढून पानाकडे बघत बसले. आता म्हणतील, बाई, हे व्यापाराचं पत्र आहे, असं मला वाटलं. ते उठले, मागच्या खोलीत गेले आणि जुळाऱ्याला म्हणाले, "चौकट सोडा." जुळाऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि दोरा सोडला. मुंबई महाराष्ट्राच्या रकान्यात, पुण्याच्या डोक्यावर जाऊन बसली. अग्रलेख नाही, घोषणा नाही, वाचकांसाठी खुलासासुद्धा नाही.

खुलासा दिला नाही ही चूकच झाली. सोमवारी बोंब उठली. वर्षानुवर्षं डोळे झाकून चौकटीकडे बघणाऱ्यांना मुंबईचे भाव सापडेनात. मसाल्याचा एक व्यापारी अंक नाचवत आला, "मुंबई गाळलीत? आम्ही धंदा कसा करायचा?" संपादकांनी बोट ठेवून दाखवलं. "ही इथे आहे," ते म्हणाले, "आणि इथेच असते." दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं, आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज थोडा चढत गेला.

ज्यांना कळायचं त्यांना ते पहिल्या नजरेतच कळलं होतं. कापडाच्या मोठ्या जाहिराती आणणारा दलाल आला. हा आपलाच, दादरचा, शुद्ध मराठी बोलणारा. "चौकट परत लावा," तो म्हणाला. "माझ्या पार्ट्या नाराज आहेत. तुमचं पत्र त्यांच्यावर चालतं, हे विसरू नका."

"एखादा भाव चुकलाय का?" संपादकांनी विचारलं.

"भावाचा प्रश्नच नाही."

"मग माझ्याकडे त्याला उत्तर नाही."

जाहिराती गेल्या. आठ पानांची चार झाली. टिकला तो हिंदमात्याचा एक साडीवाला, घरी गुजराती बोलणारा. मी भीतभीत त्याच्याकडे गेले तर म्हणाला, "बाई, मुंबई कुठेपण छापा, ती काय उठून चालली? फक्त माझी जाहिरात उलटी नका छापू." ही मराठी-गुजरात्यांची भांडणं होती असं कोणी म्हणालं की मी त्याला आधी हा साडीवाला सांगते, मग तो दादरचा दलाल.

अशीच वर्षं काढली. मोर्चे निघत राहिले, पत्र रोडावत गेलं. शेवटी मुंबईसह महाराष्ट्र झाला तेव्हा लालबागमध्ये चाळीचाळींतून रोषणाई होती, वडील गुलालात न्हाऊन घरी आले होते, आणि संपादक परळच्या एका इस्पितळात खाटेला खिळले होते. पत्र मीच बघत होते. कागदवाल्याने हात वर केलेले. हाती होता तो अंक शेवटचा, हे मला स्वच्छ दिसत होतं.

त्यातच दलाल पेढे घेऊन आला. नव्या राज्याच्या अभिनंदनाची पानभर जाहिरात, आणि पुढे वर्षभर जाहिराती. "फक्त ती चौकट वर घ्या," तो म्हणाला. "व्यापाऱ्यांच्या सोयीची होती हो. आता मिळाली ना मुंबई? मग हरकत काय?"

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. पत्र जगलं असतं. संपादकांच्या अंगात तेवढाच एक प्राण उरला होता. पण त्याचं ते 'मिळाली' माझ्या कानात गरम तेलासारखं उतरलं. शेजारच्या चाळीतली, नवरा गोळीने गेलेली ती बाई आठवली.

"मिळाली?" मी म्हणाले. "तुमच्या पार्ट्यांनी दिली काय? जाहिरात न्या. पेढेही न्या."

"एक तरी ठेवायला सांगा," मागून जुळारी पुटपुटला. मी ठेवू दिला नाही.

अंक निघाला, तो घेऊन मी इस्पितळात गेले. संपादकांनी उशीला टेकून थेट मधलं पान उघडलं. बोट महाराष्ट्राच्या रकान्यावरून सरकत मुंबईवर आलं आणि थांबलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, निदान डोळे तरी भरतील.

"हळदीचा भाव चुकलाय," ते म्हणाले. "हा गेल्या आठवड्याचा. पुढच्या अंकात दुरुस्ती द्या."

पुढचा अंक नव्हता. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"देते," मी म्हणाले.

तिथून तडक गिरगावात गेले. जुळारी खिळे पोत्यात भरत होता. मी त्याला पोतं सोडायला लावलं. छाटलेल्या कागदाचे कपटे कोपऱ्यात पडले होते, ते सारखे करून घेतले. वर पत्राचं नाव, त्याखाली महाराष्ट्र, त्याखाली मुंबई, त्याखाली हळदीचा खरा भाव. बाकी काही नाही. तळहाताएवढा तो अंक आम्ही प्रत्येक वर्गणीदाराला पाठवला. दलालालाही पाठवला.

आमच्या साप्ताहिकाचा शेवटचा अंक तोच. त्यात एकही चूक नाही.