सोड, माहं हाये!

माह्या मामेभावाच्या हातून आजवर बॉल सुटला असन, टरबूज एकही नाई. हा माणूस भारताचा गोलकीपर, देशोदेशी खेळून आला; पण त्याचं कॉलेज म्हणजे वडनेरातलं मामाचं वावर. टरबुजाची गाडी भरताना ढिगापासून ट्रकपर्यंत माणसं रांगेनं उभी राह्यतात अन् एकमेकाकडे टरबूज फेकतात. पडलं का फुटलं, अन् फुटलं का मामाच्या शिव्या. म्हणून येईन ती गोष्ट हा तान्ह्या लेकरावानी छातीशी कवटाळे. कोच तिकडून बोंबले, "पंच कर, पंच!" हा म्हणे, "सर, बुक्की मारली त फुटन ना!"

दुसरी खोड आवाजाची. रांगेत एका टरबुजाले दोघायचे हात लागू नये म्हणून झेलणाऱ्यानं आधी ओरडा लागते, "सोड, माहं हाये!" हीच आरोळी यानं परदेशात नेली. टीममधल्या मणिपूरच्या अन् केरळच्या पोरायले मराठीचा म येत नोता, पण ही आरोळी आली का सारे बाजूले. टीव्हीसमोर बसलेली मामी म्हणे, "आवाज बंद कर बापा, हा असाच ऐकू येते." घरीही तेच. दाराची बेल, फोन, पंगतीतली शेवटची जिलबी, सारं "माहं हाये!" त्याच्या लग्नात लोकायनं अक्षता टाकल्या त हा दोन्ही हात वर करून झेलाले लागला. नवरी म्हणते, "अहो, काई त खाली पडू द्या!"

मी गावभराच्या नकला करतो. एकदा तो वर्ध्याले सराव करून राह्यला होता, अन् मी गोलामांगून त्याची आरोळी ठोकली. सारे डिफेंडर बाजूले झाले अन् गोल! त्यानं हातमोज्यासकट मले बसस्टँडपर्यंत पळवलं.

मग एका मॅचमध्ये त्याचा डावा खांदा निखळला. सहा महिन्यानं निवड शिबिराचं बोलावणं आलं. पस्तिशीतल्या गोलकीपरले पुन्हा कोण बोलावते? गेला त आता, नाई त संपलं. त्याच आठवड्यात मामाची गाडी भरून राह्यली होती. हा रांगेत घुसला, मले म्हणे, "तू माह्या मांगं उभा राह्य." अन् मामाले म्हणे, "बाबा, डावीकडून फेका. उंच. झेललं त जाईन, नाई त नाई."

"अन् फुटलं त, बे?"

"फुटू द्या."

मामानं आधी चार सोपे फेकले, उजवीकडून. यानं आरोळ्या ठोकत झेलले. मी हसून राह्यलो होतो. मग मामानं कमरेतून वाकून पाचवं फेकलं, डावीकडून, उंच. याचा डावा हात कानापर्यंत गेला अन् तिथंच थांबला. मी आरोळीची वाट पाहून राह्यलो होतो. हा एक पाऊल बाजूले झाला अन् हळूच म्हणाला, "तुहं हाये. घे."

मी घेतलं. छातीले असा दणका बसला का श्वास अडकला, पण सोडलं नाई. मामा दुपट्ट्यानं तोंड पुसत ढिगाकडे वळला. हा टरबुजावर टिचकी मारून म्हणे, "पाह्य, फुटलं नाई." अन् उजवा हात पुढं करून पुन्हा रांगेत उभा राह्यला.

पोरं अजूनही म्हणतात, त्याची नक्कल कर. 'माहं हाये' मी असं काढतो का पारावरचे कुत्रे पळतात. 'तुहं हाये' लय दिवस करून पाह्यलं. नाई जमत.