उंबऱ्यावरचं पाणी

बल्गेरियातल्या त्या डोंगरी गावात आम्ही दोघं तीन दिवस एका आजीबाईंच्या घरी उतरलो होतो. निघायच्या सकाळी मी सवयीने ह्यांच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. दही आजीबाईंच्याच घरचं, सुरीने कापावं इतकं घट्ट. आजीबाई टक लावून बघत होत्या. मग आत गेल्या, तांब्याचं भांडं भरून घेऊन आल्या आणि आमच्या पुढ्यात, उंबऱ्यावरच त्यांनी पाणी ओतलं.

"अहो, माझे बूट!" म्हणत हे मागे सरले. मला तर रागच आला. आमची पाठ वळेपर्यंत तरी धुणंपुसणं थांबवायचं होतं!

आम्हाला न्यायला येऊन दाराबाहेर उभा असलेला गाडीवाला हसला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ओलांडून या. प्रवास पाण्यासारखा न अडखळता व्हावा, म्हणून ओततात आमच्याकडे."

माणूस निघाला की मागे राहणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. घाटावर, विमानावर कुणाचा जोर चालतो? मग घरात जे असेल ते पुढे करायचं. कुणी दही, कुणी पाणी.

ओला उंबरा ओलांडून मी वळले आणि मराठीतच म्हटलं, "येते हं, आजी." पुन्हा येणं होणार नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. भांड्याच्या तळाशी थोडं पाणी उरलं होतं. तेही त्यांनी आमच्या वाटेवर ओतलं.