आंब्याची धुतलेली पानं

उन्हाळ्यात शाळकरी मुलांना विद्यापीठात बोलावून संशोधन शिकवायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला मे महिन्यात भर दुपारी आमच्या प्रयोगशाळेत पंखा बंद करून बसवायला हवं. पंखा बंद, कारण आम्हाला धूळ तोलायची होती आणि वाऱ्यानं वजनकाटा स्थिर राहत नाही. मी तिथे पीएच.डी. करत होते, म्हणजे सर सांगतील ते करत होते. त्या वर्षी सरांनी सांगितलं, तू मेंटॉर. विचारलं नाही, सांगितलं. सर माझे गाईड, आणि त्या उन्हाळी वर्गाचे प्रमुखही तेच. प्रबंधावर सही त्यांची लागणार. म्हणून मी तोंडानं हो म्हटलं. मनात काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली पाच पोरं माझ्या वाट्याला आली. त्यातली चार कोथरूडची. त्यांना काही शिकवायची सोयच नव्हती, सगळं आधीच येत होतं. त्यातल्या एकाची आई मला रोज फोन करायची. "आमच्या ह्याला जरा चॅलेंजिंग काहीतरी द्या ना." मी एकदा म्हटलं, त्याला स्वतःचा डबा स्वतः धुवायला द्या. त्यानंतर दोन दिवस फोन आला नाही. मी मूळची विदर्भातली, पण पुण्यात राहून एवढं एक शिकलेय.

पाचवी मुलगी शहराच्या पार टोकाच्या वाघोलीची. दोन बस बदलून यायची आणि आल्या आल्या वाद घालायची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, निष्कर्ष काय येईल असं वाटतं ते आधी लिहा. बाकीची माना खाली घालून लिहायला लागली. ही म्हणाली, "ताई, मोजल्याशिवाय कसं लिहू?" मी तिच्यावर खेकसले. घरी जाताना मात्र मला हसू येत होतं. हिच्यात काहीतरी आहे, हे मला त्याच दिवशी कळलं, आणि तिला कळू द्यायचं नाही हेही मी त्याच दिवशी ठरवलं.

तिला सोडायला पहिल्या दिवशी वडील आले होते. गॉगल कपाळावर, गाडी बरोबर 'नो पार्किंग'च्या पाटीखाली. त्यांच्या शेतात आता इमारती उभ्या होत्या आणि ते स्वतःही इमारती बांधत होते. वर्ग संपताना पाचांतल्या एकाला वर्षभर दर शनिवारी प्रयोगशाळेत काम करायला निवडणार होते, ते त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही लोकांनी हिला निवडली तर सायन्स. नाही निवडली तर कॉमर्स, आणि संध्याकाळी आमच्या साइट ऑफिसात बसायचं. आमचं तसं बोलणं झालंय." पोरगी जमिनीकडे बघत होती. मग कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाले, "हिची आई अडाणी. तिला यातलं काय कळतंय." तो माणूस तिथेच माझ्या डोक्यात गेला.

काम साधं होतं. प्रत्येकानं घराजवळच्या आंब्याची पानं आणायची, एकानं शिवाय ट्रकांनी गजबजलेल्या मार्केट यार्डाच्या भिंतीलगतच्या झाडाची. पान देठाला धरून तोडायचं, कागदी पिशवीत घालायचं, झटकायचं नाही. मग प्रयोगशाळेत शुद्ध पाण्यानं पानावरची धूळ धुऊन काढायची, पाणी गाळायचं, गाळ वाळवायचा आणि तोलायचा. कुठल्या भागात झाडं किती धूळ खातात, ते कळतं.

वाघोलीच्या पानांवर धूळ निघाली जवळजवळ शून्य.

मी स्वतः वाघोलीत भाड्याच्या खोलीत राहते. सकाळी स्कूटरचं सीट पुसल्याशिवाय बसता येत नाही, आणि पुसल्यावर त्या फडक्याकडे बघवत नाही. मी मुलीला म्हटलं, पिशवी आण. तिनं आणली. आत मलमलचं फडकं होतं, नीट घडी घातलेलं. ते बघताच तिचा चेहरा उतरला. झालं होतं ते असं: त्या दिवशी तिला उठायला उशीर झाला, म्हणून पानं आईनं तोडून ठेवली होती, डब्याशेजारी. आणि घरातून आंब्याची पानं कुणाकडे पाठवायची म्हणजे तोरणाला पाठवतात तशीच पाठवायची. आईनं फाटकी, किडकी पानं बाजूला काढली, उरलेली धुतली, पुसली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. लेकीच्या विद्यापीठात जायची पानं, ती काय मळकी द्यायची?

"ताई, आईचं नाव नका सांगू," मुलगी म्हणाली. "पप्पांना कळलं तर ते वर्षभर तिला पाहुण्यांसमोर ऐकवतील."

मी सरांकडे गेले. सर पोस्टरच्या नमुन्याकडे बघून खुशीत होते. वर मोठ्या अक्षरांत छापायला दिलं होतं, 'वाघोलीची हवा सर्वांत स्वच्छ'. पोरीचे वडील पुढच्या वर्षीच्या वर्गाला पैशांची मदत करणार होते, आणि शनिवारची जागा तिलाच, हे सरांनी मनाशी पक्कं केलं होतं. मी म्हटलं, सर, पानं धुतलेली होती. एक दिवस द्या, आम्ही ताजी आणतो.

"अगं, पोस्टर गेलंय छापायला."

"पण आकडा खोटा आहे, सर. मी तिथे राहते."

"अनुभव वेगळा, डेटा वेगळा. एवढं तर तुला आत्तापर्यंत कळायला हवं होतं." आणि मग अगदी मायेनं म्हणाले, "तुझं स्वतःचं तिसरं प्रकरण कुठवर आलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर येऊन मी मुलीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. गप्प बसलीस तर जागा तुझी. बोललीस तर बहुतेक नाही. तिनं ऐकून घेतलं आणि वादबिद काही न घालता बस पकडायला गेली. ती वाद घालत नाही म्हटल्यावर मला धास्ती वाटली.

शेवटच्या दिवशी सभागृहात शाल, श्रीफळ, प्रमुख पाहुणे, सगळं यथासांग झालं. तिचे वडील पहिल्या रांगेत. आई मागे, नव्या साडीत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन, बायकांच्या घोळक्याच्या कडेला. मुलीनं पोस्टरवरचं सगळं वाचलं आणि मग कागद खाली ठेवला.

"वाघोलीचा आकडा चूक आहे," ती म्हणाली. "पानं धुतलेली होती. मी धुतली. तो आकडा कुणी धरू नका."

मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. वडिलांनी कपाळावरचा गॉगल काढून खिशात घातला. सरांनी माईक घेतला, प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि दहा मिनिटांनी शनिवारची जागा कोथरूडच्या त्या चॅलेंजिंग मुलाला देऊन टाकली, 'निर्दोष कार्यपद्धती'बद्दल. त्याची पानं त्यांच्या सोसायटीच्या वॉचमननं तोडली होती. विभागातल्या शिपायापासून सगळ्यांना ते ठाऊक होतं.

चहाच्या टेबलाशी तिच्या आईनं मला गाठलं.

"मॅडम, एक विचारू का? पानं तर मी धुतली हाय. पोरगी खोटं का बोलली?"

"तुमचं नाव यायला नको म्हणून."

"का? मी काय वाईट केलं? घरातनं पानं द्यायची तर धुऊनच देत्यात की. रस्त्याची घाण कुणाच्या हातात द्यायची?"

"ती घाणच मोजायची होती, काकू."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझ्यापायी गेलं तिचं."

"तसं नाही, काकू," मी म्हणायला लागले. तेवढ्यात वडिलांनी लांबूनच हाक मारली, "चला, झाला तमाशा," आणि तिघं निघून गेली. मला त्या माणसाचा, सरांचा, त्या शालींचा, सगळ्याचा संताप आला होता, आणि तो घेऊन मी घरी गेले.

सोमवारी सरांनी मला केबिनमध्ये उभं केलं. मुलं व्यासपीठावर काय बोलणार ते मेंटॉरनं आधी बघायचं असतं, असं त्यांचं चाललं होतं. इतक्यात बाहेरून शिपायाचं "अहो बाई, थांबा" ऐकू आलं आणि दार उघडलं. मुलीची आई. हातात आंब्याची अख्खी फांदी. दोन्ही हात लांब करून, अंगापासून दूर धरलेली, तरी साडीचा पुढचा भाग राखाडी झाला होता. त्यांनी ती फांदी सरांच्या टेबलाच्या काचेवर ठेवली.

"धुतली नाय. झटकली पण नाय. बसमधी सीटवर ठेवली नाय, हातात धरून आणली. आता मोजा."

"बाई, कार्यक्रम संपला," सर म्हणाले. "निवड झालेली आहे."

"निवडीचं कोण म्हणतंय? ती तुमची तुम्हाला लखलाभ. माझी पोरगी सगळ्यांपुढं खोटी पडली. तिचा खरा आकडा द्या."

सरांनी रुमालानं काच पुसली. रुमाल काळा झाला, तशी माझ्याकडे बघून म्हणाले, "हे आवर इथून."

"आवरते," मी म्हटलं, आणि फांदी देठाला धरून उचलली, मुलांना शिकवलं होतं तशी.

प्रयोगशाळेत मी पंखा बंद केला. काकूंना बसायला स्टूल दिलं, त्या बसल्या नाहीत, साडी मळलीय म्हणाल्या. धुणं, गाळणं, वाळवणं, यात दुपार झाली. त्या तिथेच दाराशी उभ्या. मध्ये मी विचारलं, मुलीच्या सायन्सचं काय.

"घालणार सायन्सला. तिच्या बापाला सांगितलंय मी."

"ऐकलं त्यांनी?"

"ऐकंल. जेवायला घरीच येतोय की."

काटा स्थिर झाला. मार्केट यार्डापेक्षा जास्त, सगळ्यांत जास्त. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, बाहेर व्हरांड्यात जाऊन पदर झटकला आणि परत आल्या.

"तिला फोन करून सांगा तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि पानं कुणी आणली असं कुणीबी विचारलं, तर माझं नाव सांगा."