तिसऱ्या नंबरचं बटण

अपर्णा कानडेला भीती वाटत नाही अशी वस्तू उज्जैनात शोधावीच लागली असती. लिफ्ट, गॅसचं रेग्युलेटर, फ्रीगंजच्या पुलावर मागून भोंगा वाजवणारी मॅजिक गाडी, सगळ्यांना ती टरकून असायची. नवरा पराग म्हणायचा, "ही पंखा लावते ना, तर आधी त्याची परमिशन घेते."

पण टॉवर चौकाजवळच्या ज्या छोट्या कंपनीत ती नोकरीला होती, तिथे हा भित्रेपणा कामाचा निघाला. कंपनी शेतातल्या मोटरींचे मोबाइल स्टार्टर बनवायची. विहिरीवरच्या पेटीत सिमकार्ड, लाइट नसली तरी चालणारी छोटी बॅटरी, आणि शेतमालकानं घरबसल्या फोनवरून मोटर चालू करायची, बंद करायची. फोनच्या पडद्यावर कुठलं बटण कुठे येणार, हे अपर्णा ठरवायची. बाकीची मंडळी पडदा सुंदर कसा दिसेल ते बघत. अपर्णा डोळ्यांसमोर एक घाबरलेला माणूस आणायची. फोन स्वस्तातला, काचेला तडा, डोक्यावर ऊन, बोटाला चिखल, चष्मा घरी. त्याला काय सापडेल? म्हणून मेनूच्या तीन आडव्या रेघांच्या आड तिनं कधी काही लपवलं नाही. आणि एकदा दिलेली जागा हलवायची नाही, हा तिचा हट्ट होता. लग्न होऊन आली तेव्हा तिनं हौसेनं सासूबाईंचे डबे नीट लावून ठेवले होते, आणि माईंनी त्या दिवशी चहात मीठ घातलं होतं. माणूस वाचत नाही, हात जातो तिथे घेतो, हे तिला तेव्हाच कळलं.

चालू, वेळ, बंद, ऑटो. हाच क्रम चालत आला होता. ऑटो म्हणजे लाइट आली की मोटर आपली आपण सुरू होणार.

मालक निखिल सेठिया वयानं तिच्याहून लहान, बोलायला गोड. मागच्या आठवड्यात म्हणाला, "मैडम, लोग ऑटो के लिए खरीदते हैं, और आपने उसको सबसे नीचे बिठा रखा है! ऊपर लाओ ना." ऑटो तिसऱ्या जागी आलं, बंद चौथ्या. निखिलच्या भल्यामोठ्या फोनवर चारही छान दिसत होती. लहान फोनवर चौथं बटण पडद्याच्या खाली जात होतं, बोटानं वर सरकवल्याशिवाय दिसत नव्हतं. अपर्णानं ते पाहिलं होतं. पण निखिलशी वाद घालायची तिची छाती नव्हती. "ठीक है सर," म्हणून मोकळी झाली.

रात्री नवा पडदा सगळ्यांच्या फोनवर गेला. सकाळी ऑफिसात टेबलाशी बसून पोहे खाताना तिला एकदम आठवलं, बाबांना सांगायचं राहिलं. बाबा म्हणजे सासरे, सगळ्यांचे भय्यासाहेब. रेल्वेतून रिटायर झालेले, आणि भैरवगढच्या पुढे त्यांचं छोटंसं शेत. कंपनीचा स्टार्टर त्यांच्याही विहिरीवर होता.

तिनं फोन लावला.

"बोल बेटा. नाश्ता झाला?"

"बाबा, कुठे आहात?"

"शेतावर. विहिरीत केबलचा जोड जळलाय ना, तर कैलाश उतरलाय खाली. सकाळपासून लाइट नाहीच आहे, तरी मी फोनवरून मोटर बंद करून ठेवली. नाहीतर तू म्हणशील, म्हातारा बेफिकीर आहे."

अपर्णाचा घास तोंडातच राहिला. "कुठे दाबलंत?"

"कुठे म्हणजे? तिसऱ्या नंबरवर. तूच तर शिकवलंस. हिरवी टिक पण आली."

खाली कैलाश मिस्त्री उघड्या तारा हातात धरून बसलेला, आणि वर पेटीतला स्टार्टर लाइटची वाट बघत तयार.

"बाबा, ऐका. ते बंद नाही, ऑटो झालंय. लाइट आली की मोटर लागेल. पेटीचा खटका पाडा आधी."

"पेटीला कुलूप आहे. किल्ली माईकडे, घरी."

"मग चौथं बटण दाबा. लवकर!"

"चौथं कुठे आहे? तीनच असतात."

"खाली आहे, सरकवावं लागतं. फोन कानावरून काढा आणि बघा."

"कानावरून काढला तर तुझं ऐकू कसं?"

"स्पीकर लावा!"

"तो कुठे असतो?"

आणि तिला सांगता येईना. त्यांच्या फोनवर स्पीकरची खूण वर असते की खाली, काळी की निळी, काही आठवेना. भय्यासाहेबांचा आवाज लांबून आला, "इथे तर नुसता तुझा फोटो दिसतोय." खरंच होतं. तिच्याच फोननं त्यांचा पडदा झाकून टाकला होता, आणि त्यातून बाहेर पडायची एकच वाट त्यांना ठाऊक होती, लाल बटण.

फोन कटला.

तिनं लावला तर एंगेज. पुन्हा एंगेज. ते तिला लावत होते, ती त्यांना लावत होती. तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं फोन टेबलावर ठेवला आणि दोन्ही हात मागे धरले, म्हणजे बोट पुन्हा जायला नको. फोन वाजेना. टेबलावरचा पंखा गरगरत होता. इथे लाइट आहे, तिकडे कधी येईल? आत्ता? आत्ता?

वाजला.

"बेटा, तो कट झाला बघ—"

"बटण राहू द्या! कैलाशला वर बोलवा."

"अगं, अर्धा जोड झालाय त्याचा—"

"बाबा, वर बोलवा म्हणते ना!"

सासऱ्यांवर ती आयुष्यात पहिल्यांदा ओरडली. अख्खं ऑफिस तिच्याकडे बघायला लागलं.

मग तिच्या कानात भय्यासाहेबांची हाक घुमली. "कैलाश! ओ कैलाश! ऊपर आ!"

विहिरीच्या तळातून आवाज आला, "टेप लगई रियो हूँ, दादा साब. पाँच मिनट."

"अभी आ! बहू बोल रही है!"

"बहू ने वाँ से कंई दिखे?"

"अरे आ रे बाबा, हाथ जोड़ता हूँ तेरे!"

पुढे काही ऐकू येईना. लोखंडी पायऱ्यांवर चपला घासल्यासारखं काहीतरी झालं. मग तेही थांबलं. अपर्णाला वाटलं, थांबला का तो? मधेच का थांबला?

"आला," भय्यासाहेब म्हणाले. "काठावर बसलाय. हसतोय माझ्यावर. हां, आता सांग, चौथं कुठे—"

ठाक् असा आवाज झाला. मग कैलाशचा, "अरे बाप रे!"

"बाबा? बाबा!"

भय्यासाहेब बोलले, अगदी लहान मुलासारखे. "लाइट आली. विहिरीतून धूर येतोय, बेटा."

निखिलनं सगळं ऐकून घेतलं. "कुछ हुआ तो नहीं ना, मैडम? बस. शाम को बैठते हैं, देखते हैं."

"सर, पुरानी स्क्रीन मैं अभी वापस भेज रही हूँ," अपर्णा म्हणाली. आणि उत्तराची वाट न बघता ती आपल्या टेबलाशी परतली.

पडदा गेला. पण ज्यांचं नेट बंद होतं त्यांच्यापर्यंत तो कधी पोचेल, काही भरवसा नव्हता. तिनं गिऱ्हाइकांचे नंबर काढले आणि वरून सुरुवात केली. पहिला नंबर घट्टिया गावच्या कोणा शेतकऱ्याचा होता.

"भैया, आपके यहाँ लाइट है?"

"नी है बेन, सवेर से गई हुई है."

"कुएँ में कोई उतरा तो नहीं?"

"क्यों?" पलीकडच्या माणसानं विचारलं. मग म्हणाला, "रुको, देख के बताऊँ."

अपर्णा फोन कानाला घट्ट धरून उभी राहिली.