दहापैकी किती दुखतंय?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी बुलढाण्याच्या दवाखान्यात दाखल झालो. उजवा गुडघा बदलायचा होता. पायदळात पाठीवर वजन घेऊन डोंगर चढून तो पार झिजला होता. ऑपरेशन व्यवस्थित झालं.

पहिल्या दिवशी पाय बधिर होता. मनात म्हटलं, एवढंच? लोक उगाच बोंबलतात! दुसऱ्या सकाळी बधिरपणा उतरला आणि लोक का बोंबलतात ते समजलं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "काका, दहापैकी किती दुखतंय?"

मी पडल्या पडल्या सावधान झालो. "दोन."

आमच्या पलटणीत आजारी म्हणून सिक रिपोर्टला नाव देणारा गडी कामचोर समजला जायचा. साहेबांनी विचारलं की उत्तर एकच, "ठीक है, साहब." ती सवय हाडात मुरलेली. सिस्टरनी दोन लिहिलं आणि दोनला पुरेल तेवढं औषध दिलं.

मला मात्र या दुखण्याचं कुतूहल वाटायला लागलं. पहाऱ्यावर असल्यासारखी मी त्याच्यावर नजर ठेवली. पाय खाली सोडला की ठणका वाढायचा. वर उचलून बर्फ ठेवला की दबायचा. फिजिओथेरपीच्या मॅडमनी गुडघा वाकवायला घेतला की मांडी आपोआप दगड व्हायची. माझ्याच पायाला माझी ऑर्डर कशी ऐकू येत नाही, याचं नवल वाटे.

"काका, आत्ता वाकला नाही तर हा गुडघा कायमचा आखडेल," मॅडम म्हणाल्या.

माझी बायको सुमन शेजारी उभी होती. "काऊन खोटं बोलून राह्यले हो तुम्ही? दात खाऊन राह्यले, मले दिसत नाही का?"

"फौजी आहो मी."

"हाव! मंग बसा जन्मभर पाय ताठ करून!"

मॅडम हसल्या नाहीत. "काका, खरा आकडा सांगितला तर औषध बरोबर देता येतं. व्यायामाच्या आधी गोळी, मग पाय वाकतो. आम्हाला आतलं दिसत नाही हो."

आणि मला बळीराम आठवला. लान्स नायक, आमच्या चिखलीकडचा. बर्फातल्या गस्तीवर तो आणि एक जवान घसरून खाली गेले. पोस्टवर वायरलेस सेट माझ्याकडे होता.

"बळीराम, हालत बताओ. ओव्हर."

"मामूली चोट. पहले इसको ले जाओ. ओव्हर."

स्ट्रेचर पार्टी एकच होती. जवानाचा हात मोडला होता, त्याला आधी वर आणलं. पार्टी परत खाली पोचली तेव्हा बळीराम संपला होता. मांडीचं हाड मोडलं होतं, रक्त आतल्या आत गेलं होतं. पलटणीचे डॉक्टर म्हणाले, अशा दुखण्यात माणूस किंचाळतो. सेटवर त्याचा आवाज हललाही नव्हता.

मी मॅडमकडे पाहिलं. "आठ," म्हणालो. "कधी कधी नऊ."

सुमनने तोंडाला पदर लावला. डॉक्टरांनी औषध बदललं. दुपारी व्यायामाच्या आधी गोळी घेतली. दुखलं, पण गुडघा वाकला.

आता गावी, उंद्रीच्या घरी रोज व्यायाम करतो. पाय वाकवताना बळीरामशी मनातल्या मनात भांडण होतं. बेट्या, एकदा ओरडला असतास तर पार्टीनं आधी तुला वर आणलं असतं. त्याच्यावरचा माझा राग अजून जात नाही. ज्याचा हात मोडला होता, तो जवान मात्र आज तीन लेकरांचा बाप आहे.