शकुनचे रविवार

कलकत्त्याच्या भवानीपुरातल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर मोडकांचं बिऱ्हाड होतं. घरात माणसं चार: श्रीकांत मोडक, त्याची बायको प्रेमलता, कॉलेजात जाणारी मुलगी स्मिता आणि श्रीकांतची धाकटी बहीण शकुन. शकुनचं वय अडतीस. लग्न झालेलं नव्हतं. चौरंगीवरच्या एका विमा कचेरीत ती सोळा वर्षं कारकून होती, आणि दर रविवारी सकाळी घरातल्या चौघांच्या आठवड्याभराच्या कपड्यांना इस्त्री करत होती.

हे काम तिच्याकडे आलं ते एका कौतुकातून. वडील दिनकरराव, म्हणजे अण्णा, अलीपूरच्या कोर्टात वकील. गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्या आणि कडक कॉलर यांच्याबाबतीत भारी चोखंदळ माणूस. धोब्याच्या हातची इस्त्री त्यांना कधी पसंत पडली नाही. चौदा वर्षांच्या शकुननं एकदा हौसेनं त्यांच्या कॉलरला इस्त्री करून दिली, तर ती त्यांनी बैठकीतल्या पाहुण्यांसमोर धरली आणि म्हणाले, पोरीचा हात बघा. शकुनच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढच्या रविवारी कॉलरबरोबर शर्ट आले, त्याच्या पुढच्या रविवारी श्रीकांतच्या विजारी. वडील गेले, काम राहिलं. श्रीकांतचं लग्न झालं तेव्हा नव्या नवरीच्या साड्याही ढिगात आल्या. प्रेमलतेनं मागितलं नव्हतं, पण नकोही म्हटलं नाही.

शकुनच्या लग्नाचं कुणी पाहिलंच नाही असं नव्हतं. पण स्थळं पुण्या-नागपुराकडची, सगळी बोलणी पत्रांनी, आणि कलकत्त्यात जन्मलेल्या मुलीला आपल्या रीतीभाती कितपत ठाऊक असतील ही शंका प्रत्येक पत्रात. दोन-तीन ठिकाणी गोष्टी लांबल्या आणि विरून गेल्या. मग कुणी विषय काढेनासं झालं.

रविवारी पहाटे ती जेवणाच्या टेबलावर घोंगडी अंथरायची, तिच्यावर जुनी चादर. खळ दिलेल्या कपड्यांवर रात्रीच पाणी शिंपडून त्यांच्या गुंडाळ्या करून ठेवलेल्या असत. श्रीकांत चहाच्या लिलावाच्या एका कंपनीत होता. तिथे साहेबलोकांत बसायचं, म्हणून त्याला रोज पांढरा शर्ट लागे, आणि तोही असा की बाहीवरची रेघ संध्याकाळपर्यंत मोडता कामा नये. प्रेमलतेच्या तांताच्या, म्हणजे हातमागाच्या सुती साड्या, लांबरुंद आणि खळीनं ताठ. स्मिताच्या कुर्त्यांना चुण्या. चार तास सहज जायचे. पाठ भरून यायची, आणि दुपारी जेवायला बसल्यावर उजव्या हातात घास नीट धरवत नसे. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर कुणी काय केलं असतं, हेही तिला माहीत नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली दोन गोष्टी एकदम झाल्या. लोडशेडिंगनं कलकत्त्याला जेरीला आणलं. रविवारी सकाळी वीज कधी सातला जाई, कधी नऊला, आणि आली तरी टिकेल याचा भरवसा नाही. इस्त्री तापावी आणि पंखा गरगरत थांबावा, असं किती वेळा झालं त्याची गणती नव्हती. आणि त्याच उन्हाळ्यात कचेरीत अधिकारीपदाची परीक्षा जाहीर झाली. वयाची अट चाळीस. म्हणजे शकुनला दोनच खेपा मिळणार होत्या.

कचेरीतली श्यामला साठे नागपूरहून बदलून आली होती. शकुनपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण परीक्षांच्या बाबतीत अनुभवी. तिनंच शकुनकडून अर्ज भरून घेतला. परीक्षेला बसणाऱ्यांसाठी कर्मचारी संघटनेनं एस्प्लनेडजवळच्या एका शाळेत शिकवणी सुरू केली होती. रविवारी, नऊ ते बारा.

पहिल्या रविवारी शकुन चारला उठली. सहाला वीज गेली, साडेआठला आली. ढीग संपवून, ट्राम पकडून ती वर्गात पोचली तेव्हा शिकवणारे गृहस्थ फळा पुसत होते. दुसऱ्या रविवारी ती पोचलीच नाही. तिसऱ्या रविवारी अकराला पोचली. फळ्यावर हिशेबतपासणीचं एक लांबलचक कोष्टक होतं, त्याचा मागचा-पुढचा काही संदर्भ लागेना. शेजारच्या बाकावरच्या माणसाची वही मागायची तिला लाज वाटली. परत येताना ट्राममध्ये ती स्वतःवरच चिडली होती. इतर दिवशी इस्त्री करावी म्हटलं तर संध्याकाळी ती घरी यायची आणि वीज जायची.

समोरच्या घराच्या जिन्याखाली रामधनी इस्त्रीवाला बसत असे. बिहारमधल्या छपऱ्याकडचा माणूस, कोळशाची जड इस्त्री, बोलणं कमी. बारा वर्षं शकुन त्याच्यासमोरून ट्रामच्या थांब्याकडे जात होती. त्या आठवड्यात ती त्याच्यापाशी थांबली. शुक्रवारी कपडे न्यायचे, शनिवारी संध्याकाळी आणून द्यायचे, असं ठरलं. पैसे ती आपल्या पगारातून देणार होती.

रात्री जेवताना तिनं घरात सांगितलं. श्रीकांतनं आधी न ऐकल्यासारखं केलं, मग म्हणाला की पैशाचा प्रश्न नाही. पैसे शकुन देणार होती, तरी हे तोच म्हणाला. प्रश्न असा होता की आपले कपडे गल्लीतल्या फडक्यावर पडणार, त्यांच्यावर कोणाकोणाचे कपडे येणार, आणि कोळशाची ठिणगी उडाली तर शर्ट गेला. प्रेमलता वाढता वाढता म्हणाली की घरात विजेची इस्त्री असताना बाहेर देतात हे शेजारच्या बोसबाईंना मोठं नवल वाटेल. मग श्रीकांतनं सूर बदलला.

"अगं, तुझ्यासारखी घडी त्याला सात जन्मात जमायची नाही," तो म्हणाला.

ते त्यानं मनापासून म्हटलं होतं. शकुनला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता, आणि इतकी वर्षं होतही असे. त्या रात्री मात्र तो झाला नाही. शुक्रवारी तिनं गाठोडं बांधलं आणि स्वतः नेऊन दिलं.

शनिवारी कपडे आले. शकुननं एकेक उघडून पाहिला. तिला दोष काढायचा नव्हता, पण नजर सवयीनं कॉलरकडे, बाहीच्या शिवणीकडे गेली. काम चांगलं होतं. पाठीवरची इस्त्री तर तिच्यापेक्षा सफाईची होती, कारण रामधनीची इस्त्री जड होती आणि त्याला घाई नव्हती. रविवारी ती नऊच्या ठोक्याला वर्गात होती. तीन तास तिनं मान वर केली नाही. बाराला बाहेर पडल्यावर श्यामलानं तिला चहा पाजला, आणि दोघी मैदानाच्या कडेनं बराच वेळ चालल्या.

मंगळवारी श्रीकांत कामावरून येताच म्हणाला की कॉलर दुपारीच मऊ पडली. गुरुवारी म्हणाला की शर्टाला धुराचा वास येतो. शकुननं शर्ट नाकाशी धरला. घामाशिवाय कसला वास नव्हता. तिनं तो धुण्यात टाकला. शुक्रवारी कचेरीत काम लांबणार होतं, म्हणून तिनं सकाळीच गाठोडं बांधून दाराशी ठेवलं आणि रामधनीला द्यायला प्रेमलतेला सांगितलं.

शनिवारी अभ्यासाच्या नादात कपडे आले का हे पाहायचं तिच्याकडून राहिलं. रविवारी पहाटे ती पाणी प्यायला उठली तर टेबलावर घोंगडी अंथरलेली. तिच्यावर गाठोडं, आणि शेजारी पाणी शिंपडलेल्या गुंडाळ्या ओळीनं मांडलेल्या.

प्रेमलता पाठोपाठ आली. ती वाईट बाई नव्हती. नवऱ्याचा शब्द आणि नणंदेची मर्जी यांच्यामध्ये तिनं अठरा वर्षं काढली होती, आणि अशा वेळी ती नवऱ्याचं ऐकायची.

"वन्सं, बाहेर नको म्हणाले ते," ती हळूच म्हणाली. "तुमचा हात काय, भराभर चालतो. नऊपर्यंत होईल सगळं."

शकुननं इस्त्री लावली. का लावली, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. चोवीस वर्षांची सवय हातात होती, हात पुढे झाले. प्रेमलतेच्या साड्या झाल्या, स्मिताचे कुर्ते झाले, पहिल्या शर्टाची उजवी बाही झाली आणि वीज गेली. पंखा थांबला. तिनं घड्याळात पाहिलं, आठ वाजायला दहा मिनिटं होती. वीज येण्याची वाट पाहावी म्हणून ती खुर्चीवर बसली. समोर तो अर्धा शर्ट, एक बाही सपाट, दुसरी चुरगळलेली. पाच मिनिटं ती त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, तोंड धुतलं, चुरगळलेलीच साडी नेसली, वही घेतली आणि जिना उतरली. मागून प्रेमलतेनं हाक मारली, ती तिनं ऐकली आणि थांबली नाही.

संध्याकाळी श्रीकांतनं तिला बैठकीत बोलावलं. तो ओरडणारा माणूस नव्हता. म्हणाला की परीक्षा द्यायला कुणी अडवलेलं नाही, पण घर म्हटलं की प्रत्येकानं काहीतरी उचलायला हवं, आणि शर्ट असा अर्धा टाकून जाणं तिला शोभलं नाही.

शकुन उभीच होती. बोलायचं खूप होतं. ट्राममध्ये ती सगळं मनाशी जुळवत आली होती. प्रत्यक्षात थोडंच बाहेर आलं.

"दादा, अण्णांनी माझा हात चांगला म्हटलं तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मला वाटलं होतं ते बक्षीस आहे. उद्यापासून मी फक्त माझे कपडे बघीन, आणि तेही रामधनीकडे देईन."

श्रीकांतनं वर्तमानपत्र उघडलं. बोलणं तिथेच संपलं.

पुढचे चार दिवस घरात कामापुरते शब्द होते. सोमवारी श्रीकांत कपाटात उरलेल्या शर्टावर गेला. मंगळवारी त्यानं स्वतः इस्त्री हातात घेतली. टेरिलीनला बेताची ऊब लागते हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. कापड इस्त्रीच्या तव्याला चिकटलं आणि घरभर जळका वास सुटला. शकुन आपल्या खोलीत वेणी घालत होती. तिचे पाय दाराकडे वळले, आणि तिनं ते परत वळवले. प्रेमलतेनं दोन शर्ट केले, तिसऱ्याला तिचं डोकं दुखायला लागलं. मग पाळी स्मितावर आली. ती म्हणाली, "आत्या, बाबांना तू सांग ना की मी इस्त्री करणार नाही म्हणून," आणि आत्या हसली नाही. गुरुवारी संध्याकाळी शकुन थांब्यावरून येत असताना तिनं पाहिलं, समोरच्या जिन्याखाली स्मिता उभी होती आणि रामधनी तिच्या हातातलं गाठोडं घेत होता.

घरात त्याबद्दल कुणी अक्षर काढलं नाही. पुढच्या शुक्रवारीही गाठोडं गेलं, त्याच्या पुढच्याही. कॉलर मऊ पडत नव्हती, धुराचा वास येत नव्हता, बोसबाईंना नवल वाटलं नाही. महिन्याभरानं फोर्ट विल्यममध्ये बदलून आलेला श्रीकांतचा मित्र, मेजर विनायक लेले, जेवायला आला. कपड्यांची पंचाईत होते म्हणाला. श्रीकांतनं लगेच त्याला रामधनीचा पत्ता दिला.

"उत्तम माणूस आहे," तो म्हणाला. "आमचं सगळं त्याच्याचकडे असतं. घरी कोण करत बसतं?"

शकुन पोळी वाढत होती. पोळी तिनं लेल्यांच्या पानात वाढली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला हात टेकून उभी राहिली. आपण जिंकलो आहोत, हे तिला कळत होतं. पण चार दिवस. एवढ्या मोठ्या हट्टाला फक्त चार दिवस लागले होते. म्हणजे विसाव्या वर्षी लागले असते, पंचविसाव्या वर्षीही तेवढेच लागले असते. तिच्या हातावाचून घराचं काही अडणार नव्हतं, तेव्हाही नव्हतं. तिला श्रीकांतचा जितका राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. बाहेरून वरण मागितल्याचं ऐकू आलं तेव्हा ती वरण घेऊन गेली.

डिसेंबरात तिनं परीक्षा दिली. निकाल फेब्रुवारीत लागला. तीन विषयांत ती चांगली पास झाली होती, हिशेबतपासणीत सहा गुणांनी गेली होती. ज्या कोष्टकाचा मागचा-पुढचा संदर्भ तिला लागला नव्हता, तो भाग पहिल्या तीन रविवारी शिकवून झाला होता. श्यामला पास झाली. तिनं पेढे वाटले तेव्हा शकुनच्या हातावर दोन ठेवले, आणि शकुननं ते तिथेच उभ्या उभ्या खाल्ले.

घरी निकाल ऐकून प्रेमलता हळहळली. श्रीकांतलाही वाईट वाटलं, खरंच वाटलं. तो म्हणाला, "पण शकुन, आता तर रविवार तुला मोकळाच असतो ना?"

शकुननं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कसलंही कपट नव्हतं. वर्गाचे पहिले तीन रविवार कशात गेले, ते त्याला खरोखरच आठवत नव्हतं. काही सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागलं असतं, आणि तेवढी ताकद तिच्यात उरली नव्हती. ती हो म्हणाली.

पुढच्या वर्षी, एकोणचाळिसाव्या वर्षी, ती सगळ्या विषयांत पास झाली. अधिकारी म्हणून नेमणूक आसनसोलला मिळाली. एकट्या बाईनं परगावी राहावं हे श्रीकांतला पटलं नाही. कलकत्त्याला बदली मिळेपर्यंत थांबून बघू, असं तो आठवडाभर म्हणत होता. शकुन थांबली नाही. तिनं एक ट्रंक आणि एक वळकटी घेतली आणि एप्रिलच्या पहिल्या सोमवारी, सकाळच्या गाडीनं ती आसनसोलला रुजू व्हायला गेली.